खांदा बसला म्हणजे खांदा बरा झाला, असे नाही

दिवाळी सरली, भातकापणी उरकली की वडखळ, पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात गावोगाव कबड्डीची मैदाने तयार होतात. चुन्याच्या रेघा पडतात, दिवे लागतात आणि रात्र रात्र सामने चालतात. रायगड हा कबड्डीचा जिल्हा आहे आणि आपल्या बौद्धवाड्यांतील मुले या मातीत कुणाच्या मागे नाहीत. ज्या समाजाला एकेकाळी गावच्या मैदानाच्या कडेलाही उभे राहू दिले जात नव्हते, त्या समाजाचा मुलगा आज भर मैदानात चढाई करतो, याचा आम्हांला अभिमान आहे. म्हणून हा लेख खेळाविरुद्ध नाही. त्या मुलाचा खांदा निखळल्यावर त्याचे पुढे काय होते आणि काय व्हायला हवे, एवढेच आम्हांला मांडायचे आहे.

खांद्याला कबड्डीत मार बसतो तो मुख्यतः दोन प्रकारे. चढाईपटू पकडला जातो, मध्यरेषेला हात लावण्यासाठी तो हात लांबवतो आणि त्याच वेळी चार-पाच जण त्याला मागे ओढतात. किंवा कोपऱ्यातला खेळाडू पाय धरायला झेपावतो आणि लांबवलेल्या हातावर सगळे वजन येते. दोन्ही वेळा हात शरीरापासून दूर आणि बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. खांद्याचा सांधा नेमका त्याच अवस्थेत सर्वांत कमकुवत असतो.

हा सांधा शरीरातला सर्वांत मोकळा फिरणारा सांधा आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या खोबणीत बसतो ती खोबण लहान व उथळ. बशीवर चेंडू ठेवावा तसा हा प्रकार आहे. त्या बशीला कूर्चेची एक कड असते, तिला डॉक्टर लॅब्रम म्हणतात. ही कड, अस्थिबंध आणि भोवतीचे स्नायू मिळून चेंडूला जागेवर धरून ठेवतात. खांदा पुढच्या बाजूला निखळतो तेव्हा ही कड बहुधा फाटते. गोळा जागेवर बसवला तरी फाटलेली कड आपोआप पूर्वीसारखी चिकटेलच असे नाही. म्हणून विशी-बाविशीतल्या, अंगावर खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. पुढे पुढे तो झोपेत कूस बदलताना किंवा सदरा घालतानाही निखळतो. दर वेळी खोबणीचे हाड थोडे थोडे झिजते आणि साधी शस्त्रक्रिया पुरेशी पडण्याची वेळ निघून जाते.

आपल्याकडे काय होते? मैदानावरच कुणीतरी जाणता म्हणवणारा पुढे येतो, काखेत पाय देतो, हात ओढतो. 'बसला' असे सगळे म्हणतात, टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी तेल लावून मालीश होते, पट्टा बांधला जातो आणि आठ-पंधरा दिवसांत मुलगा पुन्हा मैदानात उतरतो. या पद्धतीला आमचा स्पष्ट विरोध आहे. निखळण्याबरोबर हाड मोडलेले आहे की नाही, हे एक्स-रेशिवाय कळत नाही. मोडलेल्या हाडावर ओढाताण केली तर शीर किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते आणि हात कायमचा लुळा पडू शकतो. खांद्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर वाटत असेल तर शिरेला धक्का बसल्याची ती खूण आहे, ती डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे.

मैदानावर करायचे ते एवढेच: हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत उपरण्याने किंवा टॉवेलने गळ्यात बांधून आधार द्यायचा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावायचा आणि मुलाला रुग्णालयात न्यायचे. गुंगीचे औषध द्यावे लागू शकते म्हणून वाटेत खायला घालू नये. गाडी नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वडखळहून पेणचे उपजिल्हा रुग्णालय एका बाजूला आहे आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय दुसऱ्या बाजूला. वडखळ नाका हा दोन्ही रस्त्यांचा फाटा आहे. रस्ता नाही, ही सबब आपल्याला लागू होत नाही.

आता मोठ्या खेळाडूंकडे पाहा. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात मुंबईचा श्रेयस अय्यर चेंडू अडवायला झेपावला आणि त्याचा डावा खांदा निखळला. एप्रिलमध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली. तो पुन्हा स्पर्धेत खेळला तो सप्टेंबरमध्ये, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांनी. त्याआधी २००६ मध्ये सचिन तेंडुलकरच्या उजव्या खांद्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यानेही वेस्ट इंडीजचा दौरा सोडला आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला परतून नाबाद १४१ धावा केल्या. दोघांनाही उत्तम डॉक्टर होते, व्यायाम करून घेणारे तज्ज्ञ होते, पैशाची चिंता नव्हती. तरीही खांद्याने आपला वेळ घेतलाच. पैशाने चांगला डॉक्टर मिळतो, पण सांधा भरून येण्याचे महिने कमी होत नाहीत. मग आपला मुलगा पंधरा दिवसांत बरा होतो, असे आपण कशाच्या जोरावर मानतो?

खरे कारण वेगळे आहे. सहा महिने थांबणे आपल्याला परवडत नाही. मुलगा कंपनीत कंत्राटी कामाला असतो, गणपतीच्या कारखान्यात असतो, गवंड्याच्या हाताखाली असतो किंवा टेम्पो चालवतो. त्याचा उजवा हात म्हणजे घराची चूल. त्यामुळे उपचार अर्धा सोडला जातो आणि तिशीत आल्यावर तोच हात डोक्यावर उचलता येत नाही. आजची मजुरी वाचवताना पुढच्या तीस वर्षांची मजुरी जाते, हा हिशेब घरात बसून मांडला पाहिजे.

प्रत्येक निखळलेल्या खांद्याला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही, हेही सांगायला हवे. पहिल्यांदा निखळला असेल, वय जास्त असेल, अंगावरचा खेळ खेळायचा नसेल, तर दोन-तीन आठवडे झोळी आणि नंतर नेटाने व्यायाम यावर अनेकांचे भागते. चाळिशीपुढच्या माणसाचा खांदा निखळला तर मात्र स्नायूची दोरी तुटली आहे का, हे तपासावे लागते. तरुण खेळाडूचा खांदा पुन्हा पुन्हा निखळत असेल तर एमआरआय करून डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. बहुतेक वेळा ती दुर्बिणीने होते. लहान छिद्रांतून फाटलेली कड हाडाला बारीक खिळ्यांनी आणि दोऱ्याने पुन्हा जोडतात. हाड फार झिजले असेल तर दुसरीकडचा हाडाचा तुकडा आणून खोबणीची कड भरावी लागते. 'कोणती शस्त्रक्रिया आणि का', हे डॉक्टरांना विचारण्यात काही चूक नाही.

शस्त्रक्रिया एक-दोन तासांची असते, खरे काम त्यानंतर सुरू होते. साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत. या काळात बोटे, मनगट आणि कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचे, नाहीतर तेही आखडतात. झोपताना पाठीखाली उशा घेऊन थोडे उंच निजावे, कोपराखाली घडी घातलेली चादर ठेवावी. काख कोरडी आणि स्वच्छ ठेवावी. मोटारसायकल चालवू नये. सहाव्या आठवड्यानंतर हात स्वतःच्या ताकदीने उचलायला शिकवतात, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रबरी पट्ट्याने ताकदीचे व्यायाम वाढवतात आणि कबड्डीसारखा खेळ साधारण सहा महिन्यांनी, तोही डॉक्टरांनी खांदा तपासल्यावर. जखमेतून पू येणे, ताप, लाली वाढणे, बोटे बधिर किंवा थंड पडणे यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर महिनोन् महिने काढू नयेत, त्या मूत्रपिंडाला आणि जठराला अपाय करतात.

व्यायामाच्या बाबतीत दोन टोके आम्ही पाहतो. काही जण भीतीने हातच हलवत नाहीत आणि खांदा गोठतो. काही जण चौथ्या आठवड्यात जोर मारू लागतात आणि जोडलेली कड उसवते. तथागतांनी सोण या भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता, तो आपल्याला विहारात अनेकदा ऐकायला मिळतो. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. खांद्याच्या व्यायामाला मज्झिम मार्गाइतका चांगला गुरू दुसरा नाही.

आता खर्चाचे. ज्या योजनेला आज महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे, ती २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आता या योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे, आपली नेमकी शस्त्रक्रिया यादीत बसते का हे भरती होण्याआधी विचारावे. मदतीचा क्रमांक १५५३८८ आहे. कंत्राटी कामगाराने आपला राज्य विमा क्रमांक आहे का, हे आजच कंत्राटदाराला विचारावे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, कायदा लागू असलेल्या आस्थापनेतील कामगाराला हा विमा मिळतो. वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम मिळते. दुखापत कामावर झाली नसली तरी आजारपणाचा हा लाभ मागता येतो. ही योजना आखली गेली तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री बाबासाहेब होते, कायदा १९४८ मध्ये झाला. बाबासाहेबांची जयंती आपण थाटात करतो. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या या हक्काचा अर्ज भरायला आपण कंटाळतो. ज्या जिल्ह्यात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क मागितला गेला, त्या जिल्ह्यातल्या माणसाने रुग्णालयाच्या खिडकीवर संकोचून उभे राहू नये. तिथे आपण उपकार मागत नसतो.

मुलींबद्दल वेगळे लिहावे लागते. आपल्या मुलीही आता कबड्डी खेळतात. मुलाचा खांदा निखळला तर निदान डॉक्टरकडे नेतात. मुलीचा निखळला तर 'लग्नात अडचण येईल' म्हणून तो लपवला जातो. शस्त्रक्रिया झाली तरी पंधराव्या दिवशी तिच्या हाती हंडा आणि पीठ मळायची परात येते. मुलगा झोळीत असतो तेव्हा त्याची आंघोळ, जेवण, कपडे आई आणि वहिनीच्या अंगावर पडतात. मुलगी झोळीत असते तेव्हा तिची सेवा कोण करतो? भगवान बुद्धांनी आनंदासह अतिसाराने पडलेल्या भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले. आजाऱ्याची सेवा हे बाईचे काम, असे त्यांनी कुठेही मानले नाही. घरातल्या भावांनी आणि वडिलांनी हे सहा आठवडे हंडा उचलावा.

शेवटी मंडळांना आमचे सांगणे आहे. चषकाला पैसे मिळतात, मंडपाला, ध्वनिक्षेपकाला, पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाला मिळतात. ज्याच्या अंगावर हा सगळा खेळ उभा आहे, त्याच्या औषधाला मात्र वर्गणी काढावी लागते. प्रत्येक संघाच्या प्रवेश फीमधला आणि बक्षिसातला दहावा हिस्सा उपचार निधी म्हणून बाजूला काढावा, त्याचा हिशेब विहारात सर्वांसमोर वाचावा. खांदा निखळलेल्या खेळाडूला डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय संघात घेऊ नये, मग अंतिम सामना असला तरी. तपासणीच्या तारखेला त्याच्यासोबत मंडळाचा एक जण जावा. विहाराची जागा संध्याकाळी मोकळी असते, तिथे डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम त्याने रोज अर्धा तास करावेत आणि कुणीतरी सोबत बसावे. एकट्याने सहा महिने व्यायाम करणे कठीण जाते, सोबत असली की जमते.

समोरून उत्तर येईल की खेळ म्हटला की लागणारच, आमच्या वेळी कोण जात होते डॉक्टरकडे? खरे आहे, कुणी जात नव्हते. त्या वेळचे अनेक नामांकित खेळाडू आज हात खांद्याच्या वर नेऊ शकत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. पिढ्यान् पिढ्या आपल्या शरीराला स्वस्त समजले गेले. ओझी वाहायला, खोत-सावकाराच्या वेठीला ते वापरले गेले. ते दुसऱ्यांनी केले. आता आपणच आपल्या मुलांचे शरीर स्वस्त समजू लागलो तर दोष कुणाला द्यायचा? या हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी प्रत्येक मंडळाने बैठक घेऊन उपचार निधीचा ठराव करावा. जय भीम.