बांध साफ होतो मे महिन्यात, अंडीही त्याच महिन्यात

आखाजी झाली की खान्देशात शेतं रिकामी असतात, पण जेसीबी रिकामा मिळत नाही. बागायती कपाशीची लागवड तोंडावर, त्याआधी बांध मोकळा करायची घाई. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा, कुठंही जा. वर्षानुवर्षांच्या बाभळी-बोरी एका दिवसात आडव्या होतात. महावितरणची पावसाळ्याआधीची फांद्या छाटणीही याच दिवसांत.

नेमका हाच काळ घरट्यांचा. बुलबुल आणि होला बोरीच्या जाळीत, तितर बांधाच्या बुडाशी गवतात अंडी घालतो. सुगरणीचं वेळापत्रक थोडं पुढचं. पाऊस पडला की नर खोपा विणायला घेतो आणि त्याला विहिरीवर किंवा नाल्यावर झुकलेली बाभूळ लागते. ती मे महिन्यातच गेली तर खोपा टांगायचा कुठं?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणंही येतं. झाडाचं तसं नाही. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, आंबा, चिंच, मोह तोडायला परवानगी लागते. बाभूळ-बोर त्या यादीत नाहीत. म्हणजे घरट्याला संरक्षण आहे, पण ते ज्या झाडावर आहे त्याला नाही! इंग्लंडमध्ये शेताच्या बहुतेक जिवंत कुंपणांची छाटणी १ मार्च ते ३१ ऑगस्ट बंद असते. आपल्याकडे बांधासाठी अशी तारीखच नाही. १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा ११३ वर्षांनी पुन्हा सापडला, तेव्हा जगभर बातमी झाली. बांधावरच्या बुलबुलाची बातमी होत नाही.

शेतकऱ्याची अडचण मात्र खोटी नाही. बाभळीच्या सावलीत दोन-चार ओळी खुरटतात, ज्वारी-बाजरीच्या कणसांवर पाखरं तुटून पडतात. पाणंद रस्ता बंद असेल तर केळी, कपाशी शेतातून काढायची कशी? मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून रस्ते मोकळे व्हायलाच हवेत. अडचण कामाची नाही, महिन्याची आहे.

आणि हिशेबाला दुसरी बाजूही आहे. हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी कृषी विभाग शेतात पक्षी थांबे लावायला सांगतो. बांधावरचा फुकटचा थांबा उपटायचा आणि वावरात काठ्या रोवायच्या, हा उलटाच कारभार. होला सोडला तर बांधावरची बहुतेक पाखरं पिल्लांना अळ्या-किडेच भरवतात. दाणे टिपणारी सुगरणसुद्धा.

बांधाला हात लावायला दिवाळी ते संक्रांत हा काळ बरा. त्यावेळी कपाशी, गहू, हरभरा उभा असतो, जेसीबी आत जात नाही, हे खरं. मग कोयत्यानं यंदा एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. झाड मुळासकट काढायचं नाही, छाटायचं. बोरीला संक्रांतीपर्यंत बोरं असतात. तिची पाळी नंतर, फेब्रुवारीत. बोर छाटल्यावर जोमानं फुटते. पाणंद रस्त्याचा विषय १ मेच्या ग्रामसभेत काढला तर काम उन्हाळ्यातच जाणार. तो २ ऑक्टोबरच्या सभेत घेतला तर जानेवारीपर्यंत करता येतं.

मे महिन्यात काम करावंच लागलं तर जेसीबी लावण्याआधी सकाळी बांधानं एक फेरी मारावी. एकाच झुडपातून पाखरू पुन्हा पुन्हा उडत असेल तर आत घरटं आहे. तेवढं झुडूप सोडायचं. बुलबुलाची अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण चार आठवडे लागतात.