आधी मुलांचं ताट, मग आपला काटा

21 जुलै 2024 पासून 25 नंबरची ट्राम नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टलव्हीनमधून थेट उइटहॉर्नला येते. अ‍ॅमस्टलव्हीनमध्ये घर परवडेना म्हणून इकडे सरकलेल्या भारतीय कुटुंबांना तिची मोठी सोय झाली. या कुटुंबांत मराठी माणसं बरीच आहेत. तिशी-पस्तिशीतली, दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारी, घरात एक-दोन लहान मुलं असलेली. आणि स्पष्टच बोलायचं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांची वजनं वाढलेली आहेत, माझंही. मुलांच्या खाण्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास टोमणा मारतं, ‘आधी स्वतःकडे बघा.’ तो टोमणा मला मान्य नाही. का नाही, आणि त्याऐवजी काय करायला हवं, ते मुद्द्यांत मांडते.

1. वजन जास्त असलेल्या आईबापांना मुलांना चांगलं खायला शिकवण्याचा अधिकार नाही, हे म्हणणंच मुळात उलटं आहे. जुळ्या आणि दत्तक मुलांवरच्या अभ्यासांतून दिसतं, की माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा असतो. 40 ते 70 टक्क्यांचा अंदाज सर्रास दिला जातो. म्हणजे आपल्या मुलांना धोका जास्त, म्हणून आपली जबाबदारीही जास्त. आईचे दहा किलो उतरेपर्यंत मुलाचं बालपण थांबून राहत नाही. ताट आज वाढायचं आहे.

2. काटा आपल्या बाबतीत अर्धंच खरं सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः वजनाने कमी होती, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून होती. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांनी 23 बीएमआयपासूनच सावध व्हावं असं सांगितलं. नेदरलँड्समध्ये सुरिनामहून आलेल्या हिंदुस्तानी मुलांसाठीही संशोधकांनी वेगळे निकष मांडलेले आहेत. तेव्हा कन्सुल्टाटीब्युरोत, म्हणजे लहान मुलांच्या तपासणी केंद्रात, परिचारिका आलेखावर बोट ठेवून ‘छान आहे’ म्हणाली, तर नम्रपणे विचारा, ‘दक्षिण आशियाई मुलांचा निकष लावून बघता का?’ आणि डच मुलांच्या शेजारी आपलं मूल बारीक दिसतं म्हणून त्याला तूप-साखरेने भरायला घेऊ नका.

3. खरी गडबड पदार्थांत कमी आणि घड्याळात जास्त आहे. एका घरातली संध्याकाळ बघा. चार वाजता शाळेनंतरच्या पाळणाघरात, म्हणजे बीएसओत, सगळी मुलं टेबलाशी बसतात. मधोमध काकडी, गाजर, क्रॅकर. आपले चिरंजीवही निमूट काकडी खातात. साडेपाचला ते घरी येतात. आईचा एक कॉल चालू असतो, बाबा ट्राममध्ये. भूक लागली म्हणताच हातात बिस्किटाचा पुडा येतो, मग मूठभर चिवडा, मग ‘थोडंसंच’ फरसाण. कुकरची शिटी होते आठला, ताटं मांडली जातात साडेआठला. तोवर भूक मेलेली, डोळ्यांवर झोप. मग समोर मोबाइल लावून घास भरवणं सुरू. शेवटी उरलेला वरणभात टाकवत नाही म्हणून आई खाते, वर स्वतःचं जेवण वेगळं. एकाच संध्याकाळी मूल भाजीपासून दूर गेलं आणि आईचं वजन थोडं पुढे सरकलं. इथले लोक सहाला जेवतात. त्यांची ही एक सवय डोळे मिटून उचलावी. सकाळीच डाळ शिजवून ठेवली तर सव्वासहाला वरणभात, एक भाजी आणि कोशिंबीर होते. मोठ्यांनी तेच, त्याच वेळी, त्याच टेबलावर खायचं. बाबांचा वेगळा प्रोटीन शेक आणि मुलाला पालक, असला कारभार मूल पाच मिनिटांत ओळखतं.

4. किती खायचं हे मुलाला ठरवू द्या. आपल्याकडे हे ऐकायलाही जड जातं. चिऊचा घास, काऊचा घास, मग आजीचा, मग ‘हा शेवटचा’, आणि त्यानंतरही एक. सुदृढ बालक स्पर्धा भरवणाऱ्या समाजातून आलो आहोत आपण. गुटगुटीत बाळ म्हणजे आईला मिळालेलं प्रशस्तिपत्रकच. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची सरळ वाटणी सांगितली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने.

याची दुसरी बाजू स्वतःच्या वजनाने धास्तावलेल्या पालकांनी जास्त लक्षात ठेवावी. आपल्यासारखं होऊ नये म्हणून आपण गोडावर कडक बंदी घालतो. लिअ‍ॅन बर्च आणि जेनिफर फिशर यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांच्या समोर पारदर्शक बरणीत खाऊ ठेवला आणि थोडाच वेळ तो घ्यायची मुभा दिली. मुलांचं सगळं लक्ष त्या बरणीवर खिळलं. तो खाऊ ती जास्त मागू लागली. लाडू कुलपात ठेवू नका. जेवणासोबत एक वाढा आणि विषय संपवा. आजी-आजोबा 90 दिवसांच्या व्हिसावर येतात तेव्हा डब्यांची संख्या वाढते, ते चालायचंच. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा लाडवाची वेळ ठरवून देणं सोपं.

5. मुलांसमोर स्वतःच्या शरीराची थट्टा बंद. ‘मी बघ कशी म्हैस झालेय’ हे पाच वर्षांची मुलगी ऐकते, आणि आरशासमोर उभं राहायला शिकते. तिच्या वजनाबद्दल तर अवाक्षर नको.

6. आता मराठी मंडळांकडे वळू. गणपती आणि दिवाळीच्या कार्यक्रमांत मुलांच्या वाट्याला काय येतं? वडापाव, जिलबी आणि रंगीत शीतपेयाचे कॅन. वडापाव काढा असं मी म्हणणार नाही, जीव नको जायला माझा. पण काकडीची कोशिंबीर, उसळ, ताक आणि नळाचं पाणी ठेवायला वेगळा ठराव लागत नाही. इथल्या नळाचं पाणी उत्तम आहे. शिवाय कार्यक्रम चारला म्हणून सांगून जेवण नऊला देणं थांबवा.

7. सगळा भार आईबापांवर टाकून नगरपालिकेला मोकळं होता येणार नाही. मुलांचं सार्वजनिक आरोग्य ही इथे कायद्यानेच नगरपालिकेची जबाबदारी आहे आणि उइटहॉर्न सार्वजनिक आरोग्य सेवेच्या, म्हणजे जीजीडी अ‍ॅमस्टरडॅमच्या क्षेत्रात येतं. शेजारच्या अ‍ॅमस्टरडॅमने तेव्हाचे उपमहापौर एरिक व्हान डर बर्ख यांच्या पुढाकाराने मुलांच्या वजनाचा कार्यक्रम हाती घेतला. शाळांत पाणी, झोप आणि खेळ यांवर भर, फास्ट फूड आणि शीतपेय कंपन्यांच्या प्रायोजकत्वाला नकार, आणि वस्तीतल्याच लोकांना प्रशिक्षण देणं. 2012 मध्ये 21 टक्के मुलांचं वजन जास्त होतं, 2015 मध्ये 18.5 टक्के. सगळं श्रेय योजनेचंच असं म्हणता येणार नाही, पण दिशा बरोबर होती. उइटहॉर्नकडे मागण्या तीन: आहाराचा सल्ला देताना पोळी, डाळ, भात, तूप यांची भाषा येणारी माणसं, मैदानांवर पिण्याच्या पाण्याचे नळ, आणि युरोपीय संघाच्या शालेय फळ योजनेत गावातल्या जास्तीत जास्त शाळा. या योजनेत 20 आठवडे, आठवड्यातून तीनदा फळं-भाज्या फुकट मिळतात, मात्र शाळेला अर्ज करावा लागतो.

8. मोठ्यांनी स्वतःसाठीही मदत घ्यावी. 2019 पासून जीवनशैली बदलाचा दोन वर्षांचा कार्यक्रम, म्हणजे जीएलआय, मूळ आरोग्य विम्यात येतो. निकषात बसत असाल तर हाउसार्ट्सची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी पुरते, आणि त्याला ‘आयखन रिसिको’, म्हणजे विम्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, लागत नाही. वजन जास्त असलेल्या मुलांसाठीची अशी मदत 2024 पासून विम्यात आली आहे. हप्ता आपण दरमहा भरतोच; मग लाज कसली?

9. ‘आपण परके, आपलं कोण ऐकणार’ ही सबब चालणार नाही. सलग 5 वर्षं कायदेशीरपणे इथे राहिलेल्या भारतीय नागरिकालाही नगरपालिका निवडणुकीत मत आहे. ज्यांची 5 वर्षं झालेली नाहीत त्यांच्यासाठी शाळेची सल्लागार समिती, एमआर, आहे; प्राथमिक शाळेत तिच्या निम्म्या जागा पालकांच्या असतात आणि त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. डब्यात काय चालेल, वाढदिवसाला वर्गात काय वाटायचं, फळांच्या योजनेचा अर्ज कोण भरणार, हे प्रश्न तिथे मांडता येतात. शाळेकडून एमआरच्या निवडणुकीची ईमेल आली की डिलीट करू नका, नाव द्या.