पेठेची गणती

२०११च्या जनगणनेत कोल्हापूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ५,४९,२३६ नोंदली गेली. त्यात शिवाजी पेठेतील माणसे किती? जनगणना शहराचे आकडे प्रभागवार देते आणि प्रभागांच्या सीमा निवडणुकांच्या निमित्ताने बदलत राहतात. तालमी-मंडळांनी बांधलेली पेठ मात्र तीच असते. त्यामुळे दोन जनगणनांमध्ये पेठेतील सहा वर्षांखालील मुले वाढली की घटली, कुटुंबे टिकली की उपनगरांत गेली, हे ताडून पाहणे दुरापास्त होते. मग अंगणवाडी, शाळा, पाणी यांचे नियोजन अनुमानावर चालते.

२०२१ची जनगणना कोविडमुळे लांबली. आता १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी निश्चित झाली आहे. प्रगणन गट हा गणतीचा सर्वांत लहान घटक. प्रत्येक गटापुढे पेठेचे नाव नोंदवले, तर साध्या बेरजेने पेठेचे चित्र हाती येईल. व्यक्तिगत माहितीची गोपनीयता १९४८च्या जनगणना कायद्याने राखलेलीच आहे.

महापालिकेने ही मागणी शासनापुढे मांडावी. कार्यकर्त्यांनीही घरोघरी जाऊन, प्रगणकास अचूक माहिती देण्याचे महत्त्व पटवून द्यावे. राष्ट्राची उभारणी वस्तीपासून होते. ती वस्ती शासनाच्या नोंदीत दिसलीच पाहिजे.