गुण देणारा प्रवासी कोण?

जुन्नर-आंबेगावात विमानतळ नाही. मग विमानतळाच्या गुणपत्रिकेशी आपला काय संबंध? संबंध आहे.

‘एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनल’ ही विमानतळांची जागतिक संघटना २००६ पासून प्रवासी सेवेचे सर्वेक्षण चालवते. गेटजवळ विमानाची वाट पाहणाऱ्यांनाच विचारले जाते : रांगेत किती वेळ गेला? स्वच्छतागृह कसे होते? कर्मचारी सौजन्याने वागले का? प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण. आपल्याकडे तर मोठ्या विमानतळांच्या सेवेचा दर्जा, सातत्य आणि विश्वासार्हता यांवर लक्ष ठेवायला २००८ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण नेमले आहे.

चांगलेच आहे. मोजलेच पाहिजे. पण मग आमच्या स्टँडवरचा प्रवासी कोणत्या कायद्यात बसतो?

एसटीनेही २०२३ मध्ये स्वच्छ, सुंदर बसस्थानक अभियान सुरू केले. समिती येते, पाहते, गुण देते. त्याचेही स्वागत. पण आहुप्याच्या बाजूची आदिवासी बाई घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात कागदासाठी येते, तेव्हा तिचा पहिला प्रश्न फरशी चकचकीत आहे का, हा नसतो. परतीची गाडी येणार का, नाही आली तर कोण सांगणार आणि रात्र कुठे काढायची, हे तिचे प्रश्न असतात. मजुरी बुडाली, त्याला पाचपैकी किती गुण?

सरासरीचा आणखी एक धोका बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून ठेवला आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करत होता. जात कळली आणि त्याचा चेहराच बदलला. त्या दिवशी बाकीच्या प्रवाशांना विचारले असते, तर त्याच मास्तरला सौजन्याचे पैकीच्या पैकी गुण मिळाले असते! म्हणून सेवेचा दर्जा सरासरीवरून ठरत नाही. सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला कशी वागणूक मिळाली, यावरून तो ठरतो.

आणि जो स्वच्छतागृह धुतो, त्याला प्रश्नावली कोण देणार? गुण इमारतीला मिळतात. हातमोजे मिळाले का, पगार वेळेवर झाला का, हा रकानाच नसतो. ही कामे पिढ्यानपिढ्या कोणत्या जातींच्या माथी मारली गेली, हे मी वेगळे सांगायला नको.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, कोणाच्या सर्वेक्षणाची वाट पाहू नका. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या चार ठिकाणी आठवडाभर वही घेऊन बसा. कोणती गाडी किती उशिरा आली, कोणती आलीच नाही, बाईमाणसाला स्वच्छतागृह वापरता आले का, अपंगाला चढता आले का, सफाई कामगाराचे म्हणणे काय, हे तारीख-वेळेसह लिहा. ती वही आगारप्रमुखांपुढे ठेवा आणि पोच घ्या.

विमानाच्या प्रवाशाला मत विचारणे ही व्यवस्था ठरते आणि एसटीच्या प्रवाशाने मत मांडले की ती कटकट ठरते. हा भेद मोडायचा, तर मोजपट्टी आपल्याच हाती हवी.

जय भीम!