एका क्रियापदाची बदनामी

'अनियमित क्रियापद' हा शब्द ज्यानं काढला, त्यानं आपल्या घरातल्या राबत्या बाईकडे कधी नीट पाहिलेलं नसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. घरी आलेला पाहुणा नियमानं वागतो. आठला चहा, बाराला जेवण. जिला दिवसभर राबायचं असतं तिचं जेवण कधी बाराला, कधी तीनला. तिला कोणी अनियमित म्हणत नाही. (म्हणून पाहावं!)

भाषेतही हेच आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. मुलगी स्पेनमध्ये असते आणि नातीला मराठीपेक्षा स्पॅनिश सोपं जातं, म्हणून मी स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं. दुसऱ्याच दिवशी बाईंनी फळ्यावर 'इर' लिहिलं. इर म्हणजे जाणे. पण 'मी जातो'ला 'बोय', 'तू जातोस'ला 'बास' आणि 'तो जातो'ला 'बा'. लिहिताना व्ही, म्हणताना ब. मला खरं तर 'बास'पाशीच थांबावंसं वाटत होतं. पण पुढे 'मी गेलो'ला 'फुइ' निघालं आणि 'मी जात असे'ला 'इबा'. "अनियमित आहे, तक्ता पाठ करा," बाई म्हणाल्या. 'कुत्र्यापासून सावध' म्हणावं त्या आवाजात.

घरी येऊन मी तणतणलो, "ही काय भाषा आहे? जाणे म्हणजे इर, जातो म्हणजे बोय, आणि गेलो म्हणजे फुइ!"

"मग तुम्ही काय 'जालो' म्हणता?" बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

मी गप्प झालो. जाणे, जातो; पण गेलो! जन्मभर हे बोलतोय आणि कधी खटकलं नाही. 'जातो' हे संस्कृत 'या' धातूच्या घरचं, 'गेलो' हे 'गम्'च्या, म्हणजे 'गत'च्या घरचं. दोघांचा संसार आपल्या तोंडात सुखानं चाललेला. स्पॅनिश 'इर' म्हणजे तर तीन लॅटिन क्रियापदांचं एकत्र कुटुंब. 'इर' आणि 'इबा' आले 'इरे'कडून, 'बोय' आलं 'वादेरे'कडून आणि 'फुइ' चक्क 'असणे'च्या घरून दत्तक आलेलं. त्यामुळे 'फुए' म्हणजे 'तो गेला' आणि 'तो होता'सुद्धा. 'मी पाद्रे फुए मेदिको' म्हणजे माझे वडील डॉक्टर होते. 'मी पाद्रे फुए आल मेदिको' म्हणजे वडील डॉक्टरकडे गेले. बाईंना हा घोटाळा वाटतो. आपल्याकडे 'बाबा गेले' एवढंच म्हटलं की ऐकणारा आधी चेहरा पाडतो आणि मग हळूच विचारतो, "कधी?" उत्तर येतं, "आत्ताच. दळण आणायला." वाक्य पुरतं ऐकलं की घोटाळा उरत नाही.

मुळात ही रूपं वेडीवाकडी राहतात ती वापरामुळे. जे क्रियापद दिवसातून शंभरदा कानांवर पडतं, त्याची जुनी रूपं मुलं आयती उचलतात; म्हणून ती टिकतात. क्वचित लागणाऱ्याची जुनी रूपं कोणाला आठवणार? मग त्याला नियमाच्या रांगेत उभं करतात. मराठी पोर 'मी केलं'ऐवजी 'मी करलं' म्हणतं. स्पॅनिश पोर 'मला माहीत आहे' म्हणताना 'से'ऐवजी 'साबो' म्हणतं. म्हणजे नियम पाळणारं पोरच चुकतं! आणि आपण म्हणायचं, क्रियापद बिघडलेलं आहे.

तक्तेवाले म्हणतील, पाठांतराशिवाय भाषा येते का? येत नाही, पण पाठ काय करायचं? शाळेत आम्ही 'गच्छति, गच्छतः, गच्छन्ति' इतकं घोकलं की आजही झोपेत म्हणून दाखवीन. पण संस्कृतातून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायची वेळ आली तर मी उपाशी मरेन. पाठ करायची ती वाक्यं. 'बोय आ कोमेर' म्हणजे अक्षरशः 'जेवायला जातो'. खुर्चीतून न हलताही हे म्हणता येतं, कारण त्याचा अर्थ 'आता जेवणार' असाही होतो. 'बोय आ'पुढे वाटेल ते क्रियापद ठेवा, भविष्यकाळ तयार! एक वाक्य तोंडात बसलं की अर्धा तक्ता फुकट.

हे मला बाईंनी नाही, नातीनं शिकवलं. फोनवर तिच्या आईनं आतून हाक मारली की ती ओरडते, "बोय!" आपण जागचं न हलता 'आलो' म्हणतो, तसंच. 'आलो' म्हणायच्या जागी ते लोक 'जातो' म्हणतात, हे कुठल्या तक्त्यात सापडणार होतं?

परवाच्या चाचणीत माझं एकच रूप चुकलं, 'फुइस्तेइस'. अर्थ, 'तुम्ही सगळे गेलात.' बाईंनी ते दहा वेळा लिहून आणायला सांगितलं आहे. मी अजून लिहिलेलं नाही. ते पाठ करायची मला घाई नाही.

फोन ठेवताना मी नातीला सांगितलं, निघताना आपल्यात 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं. ती म्हणाली, त्यात काय, दोन मिनिटं बाहेर जाताना आम्हीपण 'आओरा बेंगो' म्हणतो, आत्ता येते.

आणि तिनं फोन ठेवला. 'आओरा बेंगो' म्हणून.