मेनूकार्डावर ‘सेंद्रिय’, रानभाजी मात्र फुटपाथवर

ठाणे, खास प्रतिनिधी -

सुटीत गावाकडून पाहुणे आले की ठाणे-डोंबिवलीतील कुटुंबे त्यांना एका तरी संध्याकाळी हॉटेलात नेतात. घोडबंदर रस्त्यावर काय किंवा डोंबिवली पूर्वेत काय, अलीकडे मेनूकार्डावर ‘ऑर्गॅनिक’, ‘केमिकल-फ्री’, ‘फार्म-फ्रेश’ असे शब्द दिसू लागले आहेत आणि त्या शब्दांची किंमतही पदार्थाच्या दरात मिळवलेली असते. खताच्या आणि फवारणीच्या हिशेबात आयुष्य घालवलेल्या पाहुण्याला हे वाचून साहजिकच प्रश्न पडतो, की हे ठरवले कोणी? वाढप्याला विचारावे तर ‘एकदम ताजे आहे’ एवढेच उत्तर मिळते. ताजे आणि सेंद्रिय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

कायदा या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये सेंद्रिय अन्नासाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार सेंद्रिय म्हणून विकायच्या मालाला ‘एनपीओपी’चे म्हणजे त्रयस्थ संस्थेचे, किंवा ‘पीजीएस’चे म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने परस्परांची तपासणी करून दिलेले प्रमाणपत्र लागते. अशा मालावर ‘जैविक भारत’ ही खूण असते. लहान शेतकरी आपला माल थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. अडचण पुढेच सुरू होते. खूण असते पिशवीवर, आणि पिशवी काही ताटात येत नाही. तांदळाची एक प्रमाणित गोणी कोठीत ठेवून साऱ्या मेनूला ‘सेंद्रिय’ म्हणणे उपाहारगृहाला फारसे अवघड नाही. म्हणून ग्राहकाने पदार्थाचे नाव घेऊन विचारावे : यातला कोणता जिन्नस सेंद्रिय आहे आणि त्याची खरेदीपावती वा वेष्टन दाखवता का? खरोखरच असा माल घेणारा मालक हा प्रश्न आनंदाने ऐकतो, कारण त्यासाठी त्याने जादा पैसे मोजलेले असतात.

शिवाय रसायन न वापरणे एवढ्याने भाजी खाण्याजोगी होत नाही. मध्य रेल्वेच्या रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पोसलेला पालक आणि मुळा वर्षानुवर्षे लोकलच्या खिडकीतून दिसत आला आहे. त्यावर एकही फवारणी झाली नसली तरी त्याला सेंद्रिय म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

गंमत अशी, की ज्या अन्नाला ना खत लागते ना पाणी द्यावे लागते, ते या जिल्ह्यात पावसाळ्यात हमखास येते. मुरबाड आणि शहापूरच्या रानातून आदिवासी स्त्रिया शेवळं, टाकळा, फोडशी, भारंगी, कुर्डू, कंटोली घेऊन आसनगाव, वाशिंद, टिटवाळ्याहून लोकलने कल्याण-ठाण्याला येतात आणि स्थानकाबाहेर गोणपाट पसरून बसतात. शेवळं जूनच्या तोंडाशी येतात आणि थोडेच दिवस राहतात. ती खाजरी असतात. आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकावा लागतो आणि सोबत काकडं घालावी लागतात. ठाण्यातील सीकेपी घरांत त्यासाठी अजूनही सबंध सकाळ खर्ची पडते. हॉटेलाच्या स्वयंपाकघराला नेमके हेच परवडत नाही. निवडायला माणूस हवा, माल आज आहे तर उद्या नाही, आणि छापलेले मेनूकार्ड तर वर्षभर तेच. त्यामुळे पाहुण्याला जिल्ह्याची खरी चव स्थानकाबाहेर दिसते, पण खायला मिळते ती बाराही महिने सारखीच लागणारी पनीरची भाजी.

कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ऑगस्टच्या सुमारास होतात, त्याने ओळख वाढते हे खरे. पण विक्रीची जागा कुठली? एल्फिन्स्टन रोड स्थानकावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. चाकरमान्याच्या जिवाचा प्रश्न होता आणि निकालाला कोणी सुजाण नागरिक नावे ठेवणार नाही. मात्र या मोजपट्टीत मोबाइलची वेष्टने विकणारा आणि टाकळ्याच्या चार जुड्या घेऊन आलेली बाई एकाच रेषेच्या आत सापडतात. तिचे गिऱ्हाईक गाडीतून उतरणारेच असते. दीडशे मीटर पलीकडे ते रिक्षात बसलेले असते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात विक्री क्षेत्रे आखून देण्याची तरतूद आहे. हंगामी रानभाजीसाठी जून ते सप्टेंबर एखादी राखीव जागा देणे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांना अशक्य नाही.

रानाचाही विचार हवा. शेवळं म्हणजे त्या वनस्पतीचा फुलोराच. उद्या दहा मोठ्या हॉटेलांनी एकदम मागणी केली, तर खुडणारे हात बी धरण्यापुरतेही काही मागे ठेवतील, याची खात्री देता येत नाही.

मासळीच्या बाबतीत ग्राहकाचा प्रश्न अधिक सोपा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा जुलैतल्या मालवणी थाळीतील ‘ताजी’ सुरमई बहुधा शीतगृहातून किंवा दूरच्या किनाऱ्यावरून आलेली असते. सरंगा अर्थात पापलेट सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ प्रजातींचे किमान आकारमान ठरवून दिले, त्याखालचे मासे पकडू नयेत म्हणून. तरीही ताटात मावणारे, तळहाताएवढे पापलेट मागणारे आपणच असतो. बोंबील, मांदेली मागवली तर खिशालाही बरे.

उरल्यासुरल्याचे काय होते, हेही विचारायला हरकत नाही. ओला कचरा वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी हॉटेलांवर घातले होते. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांची २५ टक्क्यांची मर्यादा जुलै २०१८ पासून आहे. दोन्हींची तपासणी गिऱ्हाइकाच्या नजरेआड होते. अर्धी थाळी मिळेल का, हे मात्र त्याला विचारता येते.

डोंबिवलीतील पोळीभाजी केंद्रांकडे या दृष्टीने कोणी पाहिलेले नाही. नोकरदार दांपत्यांच्या सोयीसाठी निघालेल्या या केंद्रांत भाजी रोज बदलते, अनेकजण घरचा डबा घेऊन येतात आणि स्वयंपाक खपेल तेवढाच होतो. निवडायला सवयीचे हात असतात. तिथल्या फळ्यावर खडूने ‘आज टाकळा’ लिहायला मेनूकार्ड नव्याने छापावे लागत नाही. मुरबाडहून येणारी जुडी सकाळी दहापर्यंत केंद्रात पोहोचली, तर संध्याकाळच्या गाडीने उतरणाऱ्या पाहुण्याला ती पानात मिळू शकते.