हप्ता आणि होकार



जानेवारीत न्यू जर्सीतल्या आपल्या घरांमध्ये दोन गोष्टी पाठोपाठ येतात. थँक्सगिव्हिंगपासून नाताळापर्यंत कार्डावर केलेल्या खर्चाचं बिल येतं आणि ऑफिसात वार्षिक रिव्ह्यू येतो. पहिल्याबद्दल आपण घरातही मोकळेपणाने बोलत नाही, आणि दुसऱ्यात मॅनेजरसमोर. संक्रांतीच्या अंकात हा विषय कशाला, असं आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत एकदोघांनी विचारलं. मला तो याच अंकात हवा होता. हप्ता डोक्यावर आहे म्हणून साहेबापुढे तोंड उघडत नाही, तोंड उघडत नाही म्हणून पगार आहे तिथेच राहतो, आणि पगार तिथेच राहिला की हप्ता आणखी जड होतो. हे चक्र मी आपल्या सभासदांत बरीच वर्षं पाहते आहे.

नव्याने आलेल्या मुलामुलींचंच घ्या. एमएससाठी भारतातल्या बँकेचं ४० लाखांचं शैक्षणिक कर्ज, तारण म्हणून आईवडिलांचा फ्लॅट, सहकर्जदार म्हणून बाबांची सही. ११ टक्के दराने दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला ५५ हजार रुपयांचा हप्ता बसतो. शिक्षण चालू असताना हप्ता सुरू झाला नाही तरी व्याज चढतच असतं. इकडची नोकरी एच-१बी व्हिसावर. ती सुटली तर पुढची सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस. अशा मुलाला शनिवारी सपोर्टला बस म्हटलं की तो बसतो. पुढच्या शनिवारीही बसतो. त्यांच्यापैकी एकजण मला म्हणाला, "काकू, साहेबाला नाही म्हणायला मी घाबरत नाही. पण तोंड उघडलं की मला बाबांचं घर दिसतं."

हा मुलगा गणपतीनंतर मंडळात दिसेनासा झाला होता. कामात असेल, असं आम्ही समजलो. तो हिशेब करत होता: नाटकाचं तिकीट, नंतर सगळ्यांबरोबरचं जेवण, कुणाच्या तरी बाळाच्या बारशाच्या आहेरासाठी काढलेली वर्गणी. कर्जात असलेला माणूस सगळ्यांत आधी माणसांतून उठतो, आणि नेमकी तेव्हाच त्याला माणसांची गरज असते. याची जबाबदारी मंडळाने घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता कार्डाबद्दल. "अंथरूण पाहून पाय पसरावे" हे ऐकवणारे पुष्कळ भेटतात. पण मी पाहिलेली बरीचशी थकबाकी चैनीची नव्हती. आई अतिदक्षता विभागात आहे असा फोन आल्यावर त्याच रात्री काढलेलं मुंबईचं तिकीट होतं, नाहीतर इथल्या दवाखान्याचं बिल होतं. तेव्हा उपदेश बाजूला ठेवून बिल हातात घेऊ या. २००९च्या कार्ड कायद्यामुळे प्रत्येक बिलावर एक चौकट छापावी लागते: फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर किती वर्षं लागतील, आणि तीन वर्षांत मोकळं व्हायचं तर दरमहा किती भरावे लागतील. ती चौकट फार थोडे लोक वाचतात.

समजा ८,००० डॉलर थकले आहेत आणि दर २२ टक्के आहे. महिन्याचं व्याजच १४७ डॉलर होतं. बऱ्याच बँका किमान रक्कम म्हणून व्याज अधिक मुद्दलाचा एक टक्का मागतात, म्हणजे २२७ डॉलर. त्यातले फक्त ८० मुद्दलात जातात. बाकी कमी होईल तशी ही किमान रक्कमही कमी होत जाते. मागतील तेवढंच भरत राहिलात तर हे कर्ज २० वर्षांच्या आसपास चालतं. तेच पहिल्या महिन्याचे २२७ डॉलर न घटवता भरत राहिलात आणि त्या कार्डावर नवा खर्च केला नाहीत, तर पाच वर्षांच्या आत मोकळे होता. ३०६ भरलेत तर तीन वर्षांत. एवढा फरक पडतो, आणि तो कळायला कागद, पेन्सिल आणि नवरा-बायकोंनी शेजारी बसणं पुरतं.

तेही झेपत नसेल तर हप्ता चुकण्याआधीच बँकेला फोन करा. अडचणीतल्या ग्राहकांसाठी व्याज कमी करण्याच्या योजना बऱ्याच बँकांकडे असतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. १९५१ पासून काम करणाऱ्या नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट काउन्सेलिंगशी जोडलेल्या ना-नफा संस्था सगळी कार्डं एकत्र करून फेडीचा आराखडा बांधून देतात. "हप्ते थांबवा, आम्ही तडजोड करतो, फी आधी द्या" असं फोनवर सांगणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. अशी आगाऊ फी घेण्यावर २०१० पासून बंदी आहे.

वसुलीवाल्यांच्या फोनची तर आपल्या लोकांना विलक्षण धास्ती असते, विशेषतः ऑफिसात आला तर. १९७७च्या कायद्याप्रमाणे त्यांना सकाळी ८च्या आधी आणि रात्री ९नंतर फोन करता येत नाही. कामाच्या जागी असे फोन चालत नाहीत, असं तुम्ही सांगितलंत की तिथले फोन त्यांना थांबवावे लागतात. मागणी चुकीची वाटली तर त्यांची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घ्या. आणि कोर्टाच्या हुकुमाने पगारातून कपात सुरू झालीच, तरी एका कर्जापायी अशी कपात झाली म्हणून मालकाला तुम्हाला काढता येत नाही. ही तरतूद १९६८च्या कायद्यात आहे.

हे कळलं की मॅनेजरसमोर बसताना पाठीचा कणा जरा ताठ होतो.

पगाराच्या बोलण्यात आपली माणसं एक गोष्ट हमखास करतात: घरखर्च सांगतात. खर्च वाढलाय, मुलं मोठी होताहेत, भारतात पैसे पाठवावे लागतात. मॅनेजरला त्याचं काही करता येत नाही. कर्ज आपल्यापाशी ठेवा, टेबलावर काम ठेवा. वर्षभरात कोणती तीन कामं पार पाडली, त्यातून कंपनीचं काय वाचलं किंवा वाढलं, बाजारात या कामाचा पगार किती आहे, आणि तुम्हाला नेमका किती हवा आहे. आकडा बोलून झाल्यावर थांबा. ती शांतता सहन न होऊन "म्हणजे, जमलं तर" असं आपणच जोडतो आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

आकडा आणायचा कुठून? आपल्या राज्यात १ जून २०२५पासून दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत पगार किंवा पगाराची पट्टी द्यावीच लागते. एच-१बीसाठी मालकांनी भरलेल्या अर्जांतले पगार केंद्रीय श्रम खातं प्रसिद्ध करतं. सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलायचा हक्क १९३५च्या कायद्याने खासगी क्षेत्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना दिला आहे, सुपरवायझर मात्र त्यातून वगळले आहेत.

जादा कामाला सरळ "नाही" म्हणवत नसेल तर निवड समोरच्यावर सोपवा: "हे आजच घेतो, पण मग शुक्रवारचं काम पुढच्या बुधवारी जाईल. आधी कुठलं हवं?" ठरेल ते त्याच दिवशी ईमेलवर दोन ओळींत लिहून पाठवा.

ले-ऑफची वेळ आलीच तर समोर ठेवलेल्या कागदावर तिथल्या तिथे सही करू नका. वय ४० किंवा जास्त असेल आणि त्या कागदात वयावरून झालेल्या भेदभावाचे दावे सोडून द्यायला सांगितलं असेल, तर विचाराला किमान २१ दिवस मिळतात, सामूहिक कपात असेल तर ४५, आणि सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. न्यू जर्सीत १०० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीने ५० किंवा जास्त लोकांची सामूहिक कपात केली तर ९० दिवसांची सूचना आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावा लागतो.

आपण एका एकांकिकेसाठी महिनोन् महिने तालीम करतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं घोटून घेतो. आणि ज्या वीस मिनिटांवर वर्षाचा पगार ठरतो, तिथे बिनतालमीचे जातो.

म्हणून फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, नाटकाच्या तालमीआधीचा एक तास आपण हिशेबासाठी आणि या बोलण्याच्या तालमीसाठी ठेवला आहे. बँकेतून निवृत्त झालेले आपले एक सभासद हिशेबाला बसतील, आणि मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या एक ताई मॅनेजर होऊन समोर बसतील. व्हिसाचे आणि कायद्याचे प्रश्न मात्र वकिलाकडेच न्यायचे. यापुढे प्रत्येक कार्यक्रमाची काही तिकिटं "जमेल तेवढे द्या" या पद्धतीने मिळतील. दारावर कुणी काही विचारणार नाही. रविवारच्या बैठकीत ओळखपरेड नसेल, फोटो निघणार नाहीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर जाणार नाही. कार्डाचं बिल आणायचं असेल तर नाव-पत्ता खोडून आणा. व्याजाचा दर आणि ती चौकट दिसली की पुरे.

– संपादक